‘बोर्ड गेला’ म्हणून सांगितलं, दोष निघाला पुढच्या यूएसबी पोर्टमधल्या एका वाकलेल्या पत्तीत

बटण दाबलं की पंखे फिरायचे आणि स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ यायची: यूएसबी उपकरण मर्यादेपेक्षा जास्त करंट ओढतंय, 15 सेकंदांत संगणक बंद होईल. आणि मोजून 15 सेकंदांनी तो बंद व्हायचा. दुरुस्तीला आलेल्या माणसाने ती ओळ वाचली, दोनदा चालू-बंद करून पाहिलं, ‘बोर्ड गेला, यूएसबीची चिप जळलीय’ असं सांगितलं आणि कॅबिनेट उचलून नेलं. काही दिवसांनी संगणक परत आला तो मदरबोर्ड बदलूनच. जुना बोर्ड मालकाला दाखवलासुद्धा नाही. बोर्डाबरोबर विंडोजचं लायसन्सही गेलं असं सांगून त्याचे पैसे वेगळे घेतले. आणि निघता निघता वर सांगितलं, ‘पुढचे पोर्ट या बोर्डावर चालणार नाहीत, मागचेच वापरा.’

सगळी लबाडी या शेवटच्या वाक्यात होती. पुढे कधीतरी कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडली तेव्हा दिसलं की पुढच्या पोर्टची केबल बोर्डाला लावलेलीच नाही. ती नीट गुंडाळून, प्लास्टिकच्या टायने हार्ड डिस्कच्या खणामागे बांधून ठेवली होती. विसरलेली केबल अशी बांधलेली नसते. दोष त्या केबलच्या दुसऱ्या टोकाला आहे हे बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

ते दुसरं टोक म्हणजे कॅबिनेटच्या पुढचा पोर्ट. त्यात टॉर्च मारली की आतली प्लास्टिकची जीभ मोडलेली दिसत होती. पेन ड्राइव्ह उलटी घुसवली किंवा लावलेल्या पेन ड्राइव्हला गुडघा लागला की ही जीभ मोडते. तिच्यावर चार सोनेरी पत्त्या असतात: कडेच्या एकीवर 5 व्होल्ट, दुसऱ्या कडेच्या पत्तीवर ग्राउंड आणि मधल्या दोन डेटाच्या. यातली 5 व्होल्टची पत्ती वर वळून पोर्टच्या धातूच्या कडेला टेकली होती, आणि ती कड म्हणजे ग्राउंड. सरळ शॉर्ट. बोर्डाने तो ओळखला, इशारा दिला आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद झाला. म्हणजे ज्या ओळीवरून बोर्ड मेल्याचं सांगितलं गेलं, ती ओळ बोर्ड धडधाकट असल्याचं सांगत होती.

उपाय एक केबल उपटण्याचा होता. स्क्रू काढण्यासकट पाच मिनिटांचा.

म्हणून यूएसबी पोर्ट बंद पडले आणि समोरच्याने ‘बोर्ड’ हा शब्द उच्चारला, की कॅबिनेट घराबाहेर जाऊ देण्याआधी हे घरीच करून पाहा. आधी सगळ्या पोर्टमधलं सगळं काढा, अगदी वायरलेस माउसचा छोटा रिसीव्हरसुद्धा. बिघडलेलं एखादं हब किंवा चिरडलेली प्रिंटरची केबल हाच शॉर्ट करू शकते. मग संगणक बंद करा, मागे एसएमपीएसवरचा (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा) स्विच बंद करा, प्लग काढा आणि पुढचं पॉवर बटण 15 ते 30 सेकंद दाबून धरा. बंद संगणकातही बोर्डाला 5 व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालू असतो; म्हणूनच बंद केल्यावरही काही माउसचे दिवे जळत राहतात. अडकून बसलेला यूएसबी कंट्रोलर, म्हणजे पोर्ट चालवणारी चिप, नुसत्या रीस्टार्टने सुटत नाही, हा पुरवठा पूर्ण तुटला की सुटतो. बंद पडलेले पोर्ट एवढ्यानेच परत येण्याची उदाहरणं भरपूर आहेत, आणि पोर्ट दुरुस्त केल्याचे पैसे घेणारे कित्येकदा हेच करतात.

एवढ्याने झालं नाही तर प्लग काढलेला ठेवूनच कॅबिनेट उघडा. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा आणि पुढून येणाऱ्या यूएसबी केबल बोर्डावरून काढा. यूएसबी 2.0 चा हेडर (बोर्डावरची केबल लावायची जागा) म्हणजे दोन रांगांत 9 पिना, दहावीची जागा मोकळी. केबलच्या प्लगमध्ये तेच भोक बुजवलेलं असतं. यूएसबी 3.0 चा हेडर मोठा, 19 पिनांचा, त्याची केबल जाड. हा मोठा प्लग हलवत-हलवत वाकडा ओढू नका, पिना केसासारख्या बारीक असतात आणि लगेच वाकतात. प्लगला धरून सरळ वर ओढा. जुन्या कॅबिनेटमध्ये एकसंध प्लगऐवजी लाल, पांढरी, हिरवी, काळी अशा सुट्या तारा असू शकतात. तसं असेल तर काढण्याआधी फोटो काढलाच पाहिजे. लाल आणि काळीची अदलाबदल झाली तर पुढची पेन ड्राइव्ह जागेवर जळते.

केबल काढून लगेच चालू केल्यावरही मागचे पोर्ट गप्प असतील तर धीर धरा. बऱ्याच बोर्डांवर पोर्टच्या पुरवठ्यात पॉलिफ्यूज असतो. जास्त करंट गेला की तो तापतो, त्याचा रोध वाढतो आणि पुरवठा आटतो. थंड झाला की पूर्ववत होतो. वितळणारा फ्यूज नसल्यामुळे तो बदलायला लागत नाही. शॉर्ट दूर करून थोडा वेळ प्लग काढून ठेवा, मग पाहा.

यानंतरची एक परीक्षा मात्र कुणीही करावी अशी आहे. कीबोर्ड मागच्या पोर्टला लावा, संगणक चालू होताच डिलीट किंवा एफ2 दाबत राहा आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, शिरा. तिथे बाणांच्या कळांनी निवड वर-खाली सरकली, तर त्या पोर्टला पुरवठा आहे, डेटाच्या तारा ठीक आहेत आणि कंट्रोलर जिवंत आहे. मग विंडोजमध्ये तोच पोर्ट चालत नसेल तर दोष विंडोजमध्ये आहे, बोर्डात नाही. एकेका पोर्टला कीबोर्ड लावून हे करा. मागचे सगळे पोर्ट एकाच चिपवर असतात असं नाही. दोन बंद आणि चार चालू असतील तर ‘यूएसबीची चिप गेली’ हे सरसकट विधान आणखीच संशयास्पद. बायोसमध्ये आहात तोवर यूएसबीचं पानही बघून घ्या. कित्येक बोर्डांवर एकेक पोर्ट तिथून बंद करता येतो, आणि दुसऱ्या कुणी केलेली ती सेटिंग महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

आता विंडोजच्या बाजूने होणारी फसवणूक. ही कॅबिनेट न उघडता, फोनवरून किंवा एखाद्या फुकट सॉफ्टवेअरमधून होते. ‘यूएसबी चालत नाही’ असं शोधलं की ड्रायव्हर (विंडोजला उपकरण चालवायला लागणारा छोटा प्रोग्राम) अपडेट करून देणारे प्रोग्राम पुढे येतात. ते स्कॅन करतात, लाल यादी दाखवतात, तुमचा यूएसबीचा ड्रायव्हर 2006 सालचा आहे म्हणून घाबरवतात आणि पैसे मागतात. ती तारीख खरी असू शकते, पण तिचा अर्थ जुना ड्रायव्हर असा नाही. विंडोजबरोबर येणाऱ्या स्वतःच्या अनेक ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टने मुद्दाम 21 जून 2006 ही तारीख घातलेली असते. उपकरण बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर आला तर त्याची तारीख नंतरची दिसावी आणि तो आधी निवडला जावा, एवढ्यासाठी. ड्रायव्हर आत कितीही अद्ययावत असला तरी तारीख तीच दिसते.

दुसरा प्रकार जास्त घातक. मदत करतो म्हणून फोनवरचा माणूस स्क्रीन ताब्यात घेणारं अॅप टाकायला लावतो, इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडतो आणि तिथल्या लाल-पिवळ्या खुणा दाखवून ‘व्हायरसने पोर्ट बंद केलेत’ म्हणतो. तशा खुणा अगदी निरोगी संगणकातही रोज पडत असतात. विंडोजमधली एखादी सेवा उशिरा सुरू झाली तरी तिथे नोंद होऊ शकते. या माणसाला पोर्टशी काही देणंघेणं नसतं, त्याला तुमची बँक उघडलेली हवी असते. फोन ठेवून द्या. अॅप टाकून झालं असेल तर आधी इंटरनेट तोडा.

विंडोजमधलं खरं काम तुम्ही स्वतः करू शकता. शट डाउनवर क्लिक करताना शिफ्टची कळ दाबून ठेवा. विंडोज 8 पासून नेहमीचं शट डाउन पूर्ण नसतं, फास्ट स्टार्टअपमुळे ड्रायव्हरची जुनी अवस्था डिस्कवर जपली जाते. शिफ्टने ती टाकून दिली जाते. मग डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) उघडा. युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स या गटात प्रत्येक रूट हबच्या गुणधर्मांत पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असतो, त्यातली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देण्याची खूण काढा. पॉवर ऑप्शन्समध्ये सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापरात नसलेला पोर्ट झोपवणारी सेटिंग) हेही बंद करा. थोडा वेळ काम थांबलं की पोर्ट झोपतो आणि उठत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते. तरीही नाही, तर याच गटातले होस्ट कंट्रोलर अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, विंडोज ते पुन्हा बसवून घेतं. सावध राहा: यूएसबीचा माउस आणि कीबोर्ड असेल तर अनइन्स्टॉल करताच दोन्ही मरतात. त्यामुळे उघड्या फाइल आधी सेव्ह करा आणि पॉवर बटण एकदा हलकेच दाबून बंद करायची तयारी ठेवा.

माउस चालतो, कीबोर्ड चालतो, पेन ड्राइव्ह मात्र कुठल्याच पोर्टला दिसत नाही, असं असेल तर पोर्टला हातही लावू देऊ नका. आधी डिस्क मॅनेजमेंट पाहा; पेन ड्राइव्ह तिथे असेल आणि तिला ड्राइव्हचं अक्षर नसेल तर ते द्या, झालं. तिथेही नसेल तर रजिस्ट्रीमध्ये (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) करंट कंट्रोल सेटच्या सर्व्हिसेसखाली यूएसबीस्टोर शोधा. त्यातल्या स्टार्टची किंमत 3 हवी. 4 असेल तर यूएसबी साठवणूक बंद केलेली आहे. ऑफिसातून घेतलेल्या जुन्या संगणकांवर हे सापडू शकतं. तो 4 चा 3 करून रीस्टार्ट करणं एवढंच काम असतं, आणि त्याला ‘पोर्ट बदलले’ म्हणून बिल लावता येतं, कारण काय केलं ते बाहेरून दिसत नाही.

बोर्डाचे पोर्ट कधी खरंच जात नाहीत असं नाही. विजेच्या झटक्याने किंवा चुकीच्या जोडणीने जातात. जुन्या बोर्डांवरचा फायरवायरचा (यूएसबीहून वेगळ्या, जुन्या जोडणीचा) हेडर यूएसबीसारखाच दिसतो, आणि त्याची केबल यूएसबीला लावली तर बोर्ड खराब होतो. पण खऱ्या मरणाच्या खुणा वेगळ्या असतात: सगळं काढल्यावरही, बायोसमध्येही एकही पोर्ट उठत नाही, मल्टिमीटरने पोर्टवर 4.75 ते 5.25 व्होल्टच्या दरम्यानचा पुरवठा मिळत नाही. किंवा पुरवठा मिळतो पण कोणत्याच उपकरणाची ओळख पटत नाही. आणि एवढं होऊनही बाकी संगणक नीट चालत असेल तर बोर्ड बदलण्याआधी पीसीआय एक्स्प्रेसचं (बोर्डावरच्या जादा खाचेत बसणारं) यूएसबी कार्ड लावून पाहायला सांगा. तिथेही डोळे उघडे ठेवा. निळं प्लास्टिक म्हणजे यूएसबी 3.0 असं नाही. पोर्टमध्ये टॉर्च मारा: 2.0 ला 4 पत्त्याच असतात, 3.0 ला त्यांच्याशिवाय आणखी 5 दिसतात. कार्ड बसवल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये एक्सटेन्सिबल होस्ट कंट्रोलर अशी नवी नोंद आली पाहिजे. कार्डावर एसएमपीएसच्या वायरीसाठी जागा असेल तर ती वायर जोडून घ्या, नाहीतर बाहेरची हार्ड डिस्क लावताच ती टिकटिक करून बंद पडते आणि ‘कार्डही गेलं’ म्हणून पुन्हा सुरुवात होते.

संगणक द्यावाच लागला तर हार्ड डिस्क काढून घरी ठेवा; पोर्ट तपासायला तिची गरज नाही, बायोस पुरतं. आतल्या भागांचे जवळून फोटो काढा, बोर्ड आणि रॅमवरचे अनुक्रमांक वाचता येतील असे. पावतीवर ‘यूएसबी दुरुस्ती’ असं मोघम लिहून घेऊ नका. कोणता भाग बदलणार, नवा की वापरलेला, आणि जुना भाग परत मिळणार, हे तिन्ही आधी लिहून घ्या. वर सांगितलेल्या बदललेल्या बोर्डाच्या स्क्रूच्या भोकांभोवती रंग खरवडलेला होता, म्हणजे तो याआधी दुसऱ्या कॅबिनेटमध्ये बसून आलेला.

लायसन्सचंही तसंच. कॅबिनेटबरोबर आलेलं विंडोज सहसा त्या बोर्डाशी बांधलेलं असतं, त्यामुळे बोर्ड बदलला की ते बंद पडू शकतं; वेगळं विकत घेतलेलं लायसन्स मात्र मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी आधीच जोडलेलं असेल तर अॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये नुकतंच हार्डवेअर बदलल्याचा पर्याय निवडून परत मिळवता येतं. या प्रकरणात पैसे घेऊन टाकलेली विंडोजची किल्ली (लायसन्सचा क्रमांक) काही आठवड्यांत निकामी ठरली. पुढच्या पोर्टची केबलसकट नवी पट्टी बसवल्यावर, ‘चालणार नाहीत’ म्हटलेले ते दोन पोर्ट त्याच बोर्डावर पहिल्या झटक्यात चालले.