मेंढी झालेलं जहाज

नातवासाठी भुसावळच्या बाजारातून शॉर्ट व्हॉवेलच्या, म्हणजे इंग्रजीतल्या ऱ्हस्व स्वरांच्या शब्दांच्या, कार्डांचा डबा आणला, १५० रुपयांना. 'बॅट, बेट, बिट, बट' शेजारी मांडले की मधलं एकच अक्षर बदलतं, हे पोराला दोन दिवसांत उमगलं. शेवटी 'ई' लावला की 'कॅप'चा 'केप' होतो, तेही. मागे छापलेले मराठी उच्चार मात्र घोळाचे. 'पॅन' आणि 'पेन' दोन्हींखाली 'पेन'! 'शिप'खाली 'शीप'. बोलताना आपण तरी ऱ्हस्व-दीर्घ कुठं पाळतो म्हणा, पण इथं जहाजाची मेंढी होते ना! शेवटी मीच चिठ्ठ्या चिकटवल्या. आमच्या म्हातारीला वेगळाच वैताग: "काय कॅट-कॅट करी ऱ्हायना रे?" कार्डं जाड आहेत, वरणबट्टीचं तूप सांडलं तरी पुसून घेता आली.