ओटीपोटाच्या तळाची फिजिओथेरपी : सात महिन्यांनंतर

कोल्हापुरात रंकाळ्यावर फेरी मारताना शिंक आली आणि सलवार ओली झाली. धाकट्याच्या बाळंतपणापासून, म्हणजे १४ वर्षं, हे असंच चाललं होतं. खोकला आला की पाय आवळून उभं राहायचं, केएमटीच्या बसमध्ये चढायच्या आधी लघवीला जाऊन यायचं. एका दवाखान्यात विचारलं तर 'दोन बाळंतपणांनंतर होतंच' म्हणून वाटेला लावलं. त्याचा राग अजून आहे. शेवटी राजारामपुरीत एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेले.

पहिल्या तपासणीची फार भीती होती. पण मॅडमनी आधी सगळं समजावलं, चालेल का विचारलं, मगच हातमोजा घालून आतून स्नायू तपासले. मोबाईलवर बघून मी वर्षभर करत होते ते केगल, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम, साफ चुकीचं निघालं. श्वास कोंडून पोट आवळत होते आणि तळ वर उचलायच्या ऐवजी खाली ढकलत होते. डॉ. आर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले, तेव्हा आवळ नीट बसतोय का हे दाखवणारं दाब मोजायचं साधनही वापरलं होतं. मोबाईलवर तेवढंच गळून जातं.

आता वात अडवल्यासारखं आत वर उचलते, श्वास चालू ठेवते, आणि जितका वेळ आवळते तितकाच वेळ सैल सोडते. एका वेळी ८ ते १०, दिवसातून तीनदा. शिंक येतेय असं वाटलं की आधीच आवळायचं, ही युक्ती तर सोन्यासारखी. लघवी करताना मधेच धार अडवून सराव करायचा नाही, हेही तिथेच कळलं. सहा आठवडे काहीच फरक नव्हता, सोडून देणार होते. तिसरा महिना संपता संपता पॅड लागेनासे झाले.

मला बघून सासूबाई एका दुपारी हळूच म्हणाल्या, "मला पण अंग बाहेर आल्यागत वाटतंय गं, किती वर्षं झाली." ऐकून पोटात कालवलं. त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांनी अंगाला आतून आधार देणारी रिंग बसवून दिली. व्यायाम त्याही करतात, आणि बद्धकोष्ठामुळे कुंथणं बंद व्हावं म्हणून जेवणाखाण्यातही बदल केलाय. जड घागर उचलणं मात्र बंद.

नणंदेची मुलगी बाळंतीण, टाके भरल्यावरही जवळीक करताना दुखायचं. तिचे स्नायू ढिले नव्हते, उलट घट्ट झाले होते. तिला आवळायचे व्यायाम बंद करून आधी पोटातून श्वास घेत सैल सोडायला शिकवलं. म्हणून माझं बघून कुणी घरी सुरू करू नका. पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होऊन तिथली कातडी पातळ, कोरडी होते, तो आणखी वेगळा प्रश्न.

भरलेली बादली उचलताना मला अजून कधीतरी थेंब येतो. तपासायला जाल तेव्हा तीन दिवस किती वेळा लघवीला गेलात, चहा-पाणी किती झालं, कधी गळती झाली, हे वहीत लिहून न्या. मॅडमनी सगळ्यात आधी तीच मागितली होती.