शेतावरच्या १० मीटर रेंजसाठी लोखंडी पेलेट ट्रॅप: घ्यावा, पण भरवसा बांधावर ठेवावा

पेलेट ट्रॅप म्हणजे एअर रायफलीचा छर्रा अडवून धरणारी पेटी. हा १७ सेंमी चौकोनी तोंडाचा, आत नरसाळ्यासारखा निमुळता होत जाणारा पत्र्याचा ट्रॅप. तोंडाच्या खाचेत कागदी टार्गेट सरकवायचं. छर्रा उताराला घासून मागच्या डब्यात जातो, तिथल्या पाटीवर चपटा होऊन खाली पडतो. ४.५ मिमी नळीची, स्प्रिंगवर चालणारी एअर रायफल आणि शिशाचा छर्रा असेल तर १० मीटरवर हे काम चोख होतं. एअर पिस्तुलाचं १७ सेंमीचं टार्गेट त्यात नेमकं बसतं.

घेताना पत्र्याची जाडी विचारा. दीड मिमीचा पत्रा ८ ज्यूलच्या (ज्यूल म्हणजे नळीतून सुटताना छर्र्यात असलेल्या ऊर्जेचं माप) साध्या रायफलीला चालतो. १५ ज्यूलच्या रायफलीने मागची पाटी फुगायला लागते. तिथे २ मिमीच्या खाली जाऊ नका. वेल्डिंगचे टाके आतून घासलेले हवेत. उंचवटा राहिला की छर्रा फुटून त्याचे कण तोंडातून बाहेर येतात. दर्शनी काठ सपाट असेल तर काठावर बसलेला छर्रा सरळ नेमबाजाकडे परततो. चष्मा लावल्याशिवाय कुणीही नेम धरण्याच्या ओळीवर उभं राहायचं नाही. स्टीलच्या गोळ्या या ट्रॅपवर अजिबात नकोत, त्या चपट्या होत नाहीत, उसळतात. आवाज कमी करायला म्हणून काही जण फळीवर गोठ्याची रबरी मॅट ठोकून ती पुढे लावतात. कमी वेगाचा छर्रा तिच्यावरूनही मागे येतो.

आता खरी गोष्ट. ट्रॅप टार्गेट धरतो, नेम चुकला की काहीच धरत नाही, आणि ४.५ मिमीचा छर्रा मोकळ्यात तीनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. म्हणून मागे मातीचा बांध हवाच: निदान २ मीटर उंच, ट्रॅपपासून दोनेक मीटरवर. मुरूम नको, त्यातल्या खड्यांवरून छर्रा भलतीकडे जातो. चाळलेली माती किंवा रेती गोण्यांत भरून रचा. काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात भेगाळतो, तेव्हा तो तपासून घ्या. बांधामागे पाणंद, विहीर किंवा शेजाऱ्याचं खळं असेल तर जागा बदला.

स्पर्धेत टार्गेटचा मध्य १.४ मीटर उंचीवर असतो. शेतात ती नक्कल करू नका. उभं राहून मारणार असाल तर ट्रॅप ६० सेंमीवर ठेवा, म्हणजे नेमाची रेघ उतरती राहते आणि चुकलेला छर्रा बांधाच्या पायथ्याशी रुततो. झोपून मारताना तोच ट्रॅप १.४ मीटरवर असला तर रेघ चढती होते, आणि थोडं वर चुकलं तरी छर्रा बांधावरून पलीकडे.

कायद्याचं थोडक्यात: ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, ५.५ मिमीला लागतो. जाहिरातीतल्या ‘१००० फूट वेग’वर (म्हणजे सेकंदाला १००० फूट) भाळू नका. ०.५३ ग्रॅमचा छर्रा त्या वेगाने गेला तर २४ ज्यूलच्या वर होतात. तो आकडा बहुतेकदा हलक्या छर्र्यावर काढलेला असतो, तेव्हा बिलावर ज्यूल लिहून मागा. रायफल शेतापर्यंत बंद पिशवीतच न्या. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचा आदेश लागू असेल तर तो आधी वाचा. आणि पारवा, मोर, माकड, काहीही टार्गेट नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ‘माझं शेत, माझी बंदूक’ ही सबब चालत नाही.

मागचा डबा भरू देऊ नका. चपट्या छर्र्यांचा थर वर आला की नवा छर्रा त्यावर आपटून तोंडाकडे येतो. मागची झडप खिळलेली असेल तर तो ट्रॅप घेऊच नका, बोल्टची हवी. निघालेलं शिसं डब्यात साठवून भंगारवाल्याला द्या, हात साबणाने धुवा, आणि बांधाच्या त्या कडेला गुरं चरायला सोडू नका.