झॅम्पचं कंट्रोल पॅनल: स्टार्ट-स्टॉप सोपं, रीलोडचं बटणच नाही

विंडोजच्या डेस्कटॉपवर अपाचे सर्व्हर (वेब पानं पुरवणारा प्रोग्राम) चालवायचा तर झॅम्प हा अपाचे, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारा फुकट आणि सोपा मार्ग. इन्स्टॉल करताना 'प्रोग्राम फाइल्स' तेवढं टाळा, तिथे लिहायच्या परवानगीवरून विंडोज अडून बसतं. सी ड्राइव्हवर थेट 'झॅम्प' फोल्डर ठेवावं.

कंट्रोल पॅनलमध्ये स्टार्ट दाबलं की अपाचेचं नाव हिरवं होतं आणि शेजारी दोन पीआयडी (प्रोसेसचे ओळख क्रमांक) दिसतात. एक प्रोसेस देखरेखीची, दुसरी पानं पुरवणारी. चूक नाही ती. पण हिरवं होऊन लगेच विझलं आणि खाली 'अपाचे शटडाउन अनएक्स्पेक्टेडली' आलं, तर बहुतेक वेळा ८० किंवा ४४३ पोर्ट (ज्या क्रमांकावर सर्व्हर विनंत्या ऐकतो तो) दुसऱ्या प्रोग्रामने अडवलेलं असतं. उजवीकडचं नेटस्टॅट बटण दाबलं की कोण ते कळतं. हे बटण म्हणजे या पॅनलमधली सगळ्यात कामाची वस्तू. ८० समोर पीआयडी ४ दिसला तर टास्क मॅनेजरमधून मारायला जाऊ नका, ती खुद्द विंडोजची सिस्टिम प्रोसेस आहे आणि तिच्या आड बहुधा आयआयएस (विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर) असतं. सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस' थांबवा. ती हवीच असेल तर अपाचेच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, म्हणजे एचटीटीपीडी.कॉन्फमध्ये, 'लिसन ८०'चं ८०८० करा, 'सर्व्हरनेम'च्या ओळीतही तेच, आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टपुढे कोलन देऊन ८०८० टाका.

आता खरी तक्रार. सेटिंग बदललं की ते पुन्हा वाचायला लावणारं बटण इथे नाही. स्टॉप, मग स्टार्ट. कॉन्फमध्ये एक अवतरणचिन्ह राहून गेलं असेल तर ते कळतं सर्व्हर बंद पडल्यावर. म्हणून स्टॉपला हात लावण्याआधी पॅनलमधलं शेल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून 'एचटीटीपीडी -टी' चालवा. 'सिंटॅक्स ओके' आलं तरच पुढे. नाहीतर फाइल आणि ओळ क्रमांक तिथेच मिळतो. अपाचे सर्व्हिस म्हणून बसवलं असेल (पॅनल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून डावीकडच्या चौकटीत खूण करा), तर त्याच पद्धतीने उघडलेल्या शेलमधून 'एचटीटीपीडी -के रीस्टार्ट' दिलं की चालू विनंत्या न तोडता नवं सेटिंग लागू होतं. पीएचपी.आयएनआय (पीएचपीची सेटिंग फाइल) बदलल्यावरही रीस्टार्ट करावंच लागतं, कारण इथे पीएचपी अपाचेच्या पोटातच चालतं. एचटीअ‍ॅक्सेस फाइलला (एका फोल्डरपुरती अपाचेची सेटिंग ठेवणारी) मात्र रीस्टार्टची गरज नाही, ती दर विनंतीला वाचली जाते.

आणखी एक गोची: वरच्या फुलीने पॅनल बंद होत नाही, घड्याळाशेजारी जाऊन बसतं. क्विटने पॅनल जातं, पण अपाचे मागे चालूच राहतं. मायएसक्यूएल या डेटाबेसचंही तसंच (नाव ते असलं तरी आत मारियाडीबी आहे). कॉम्प्युटर बंद करण्याआधी ते स्टॉपनेच थांबवा. धाडकन वीज गेली आणि मग ते उठेना, तर डेटा फोल्डरची कॉपी आधी बाजूला ठेवा आणि 'आयबीडेटा१' फाइल अजिबात उडवू नका. त्या फाइलवाचून इनोडीबीची (डेटाबेसमधला साठवणीचा भाग) टेबलं उघडत नाहीत.