एचएमव्ही १०२ : रोज वाजवायचा ग्रामोफोन

एचएमव्ही १०२ पहिल्यांदा उघडून बघणारा हमखास विचारतो, कर्णा कुठंय? कर्णा आहे आणि चांगला लांबलचक आहे, फक्त तो बाहेरून दिसत नाही. टोनआर्मच्या (रेकॉर्डवर फिरणाऱ्या पोकळ नळीच्या) बुडापासून निघतो, पेटीच्या आतल्या आत मोटरला वळसा घालतो आणि मागे झाकणाच्या बिजागरीपाशी तोंड उघडतो. तिथून आलेला आवाज उघड्या झाकणावर आपटून समोर येतो. म्हणजे झाकण हाही वाद्याचाच एक भाग झाला. ते अर्धवट मिटून वाजवलं तर आवाज लगेच कोंदट होतो.

या मॉडेलबद्दल माझं मत सुरुवातीलाच सांगते. चावीचा पोर्टेबल ग्रामोफोन रोज वाजवायचा असेल तर १०२ घ्या, आणि दुरुस्तीसाठी जो वेळ द्याल त्यातला निम्म्याहून जास्त साउंडबॉक्सला, म्हणजे सुईची थरथर आवाजात बदलणाऱ्या गोल डबीला, द्या. पेटी चकाचक करण्यात महिने घालवलेली यंत्रं मी पाहिली आहेत. त्यांच्या साउंडबॉक्सला कुणी हात लावलेला नसतो आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा येतो.

पोर्टेबलची कल्पना १०२च्या बरीच आधीची. १९१४ साली आलेला डेक्का नावाचा पोर्टेबल ग्रामोफोन पहिल्या महायुद्धात सैनिकांनी खंदकांत नेला होता. पण तेव्हाच्या रेकॉर्डी कर्ण्यासमोर गाऊन केलेल्या, त्यांच्यात वरखाली जायला फारशी जागा नव्हती. १९२५च्या सुमारास मायक्रोफोनवर रेकॉर्डिंग सुरू झालं आणि तबकडीत कितीतरी जास्त आवाज मावू लागला. जुन्या लहान पेट्यांना तो पेलेना. १०२ आला १९३१ मध्ये, तो या नव्या रेकॉर्डींसाठीच. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपर्यंत तो बनत राहिला, म्हणून आजही धडक्या अवस्थेत मिळतो.

आवाजाचं म्हणाल तर बाईचा गळा, व्हायोलिन आणि सनईसारखी फुंकीची वाद्यं यांत तो कमालीचा जिवंत आहे. गाणारा माणूस पेटीच्या थोडा पुढे उभा आहे असं वाटतं, आणि शब्द इतका स्वच्छ येतो की श्वास कुठे घेतला तेही कळतं. पियानोचा आघात छान उमटतो, पण मागे रेंगाळणारा नाद पातळ पडतो. खर्जातली वाद्यं ऐकू येण्यापेक्षा अंदाजानेच जास्त कळतात. एवढ्याशा पेटीकडून याहून जास्त मागणं अन्यायाचं होईल.

मला स्वतःला जुन्या, मायक्रोफोनच्या आधीच्या रेकॉर्डीही यावर आवडतात. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग यांनी मिलानमध्ये इटालियन ऑपेरा गायक कारुसोचं गाणं मुद्रित केलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं. दोघंही कर्ण्यात तोंड घालून गायले. त्या काळातल्या रेकॉर्डी विजेच्या प्लेयरवर लावल्या की खरखरच पुढे येते. कर्ण्यात गायलेलं कर्ण्यातूनच ऐकलं की गळा आणि खरखर आपापल्या जागी बसतात. मात्र तेव्हा वेग अजून पक्का ठरलेला नव्हता, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या खालीवर बरंच काही चाले. तेव्हा स्पीडचा काटा कानाने लावायची सवय हवी.

आता साउंडबॉक्स. सुरुवातीच्या १०२ला १६ नंबरचा असे, पुढे ५ए आणि ५बी आले. आत ॲल्युमिनियमचा पातळ, घड्या पाडलेला पडदा असतो आणि त्याची कड दोन बाजूंनी रबरी नळीच्या कड्यांत धरलेली असते. इतक्या वर्षांत ते रबर दगड होतं. पडद्याची कड मोकळी हलली नाही की नाद मरतो, वरच्या सुरांना चिरका झणझणाट येतो, आणि मग लोक रेकॉर्डला दोष देतात.

उघडताना घाई करू नका. स्क्रूंवर गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा आणि सगळे थोडे थोडे, आळीपाळीने सैल करा. जुनं रबर खडूसारखं भुगा होऊन पडतं. ते लाकडी काडीने खरवडा, लोखंडी टोक लावू नका, कारण पडद्याला एक पोचा पडला तरी तो नेहमीसाठी ऐकू येतो. नवी सिलिकॉनची नळी जुन्या नळीच्याच जाडीची घ्या. जाड घेतली तर पडदा चेपतो, बारीक घेतली तर खुळखुळतो. नळीची दोन्ही टोकं सरळ कापून एकमेकांना नेमकी टेकली पाहिजेत, मध्ये फट राहता कामा नये. सुईची दांडी पडद्याला जिथे मिळते तिथे मेणाचा एक थेंब पुरतो. मग टोनआर्मला बसवून सुईच्या टोकावर नखाने हलकेच टिचकी मारा. पेटीतून भरीव ‘टक्’ आला तर काम झालं. ‘टिण’ आला तर पुन्हा उघडायचं.

मागच्या बाजूला, टोनआर्मवर बसणाऱ्या गळ्यातही रबर असतं आणि तेही कडक झालेलं असतं. इथे खरी धोक्याची जागा आहे. हे भाग जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. धातूत भेसळ असेल तर तो आतून फुगतो, चिरतो, आणि पिळलात तर हातात तुकडे येतात. विकत घेतानाच बॅटरी मारून बारीक भेगा बघा. भेगाळलेल्याचं भवितव्य नाही.

मोटर त्या मानाने सोशिक. चावी देताना किंवा वाजताना आतून ‘धप्’ असा आवाज आला तर स्प्रिंगचं ग्रीस सुकलं आहे. पण स्प्रिंगचा डबा स्वतः उघडू नका. भरलेली स्प्रिंग सुटली तर बोटं जातील. हे काम शिकलेल्या हातांचं. घरी करायचं ते गव्हर्नरचं, म्हणजे वेग सारखा ठेवणाऱ्या भागाचं: त्याच्या दोन टोकांना घड्याळाचं तेल, आणि घासणाऱ्या गादीवर एक थेंब. कोरड्या गादीमुळे वेग डळमळतो आणि लांब ताना हेलकावे खातात. वेग तपासायला रेकॉर्डखाली कागदाची पट्टी अडकवा, सुई टेकवून वाजवत ठेवा आणि २० सेकंदांत २६ फेरे होतात का मोजा. सुई न टेकवता मोजण्यात अर्थ नाही, कारण टोनआर्मच्या ओझ्याने वेग उतरतो.

आवाज कमीजास्त करायला बटण नाही. ते काम सुई करते: जाड सुईचा आवाज मोठा, बारीक सुईचा मऊ. पोलादी सुई दर बाजूला बदलायचीच. लाखेच्या तबकडीत खरवडणारी भुकटी मुद्दाम घातलेली असते, सुई तिच्यावर झिजून खोबणीच्या आकाराची व्हावी म्हणून. तीच झिजलेली सुई दुसऱ्या बाजूला लावली की ती खोबणी कापत जाते. सुया महाग नसतात, रेकॉर्ड पुन्हा मिळत नाही. लाखेची रेकॉर्ड पुसायला स्पिरिट कधीही वापरू नका, लाख त्यात विरघळते. आणि व्हिनाइलची एलपी या यंत्रावर ठेवायचीच नाही, एका खेपेत तिचं वाटोळं होतं.

रेकॉर्ड संपल्यावर थांबवणारा आपोआप ब्रेक मला फारसा उपयोगी वाटत नाही. प्रत्येक कंपनीच्या रेकॉर्डचा शेवट वेगळा, त्यामुळे तो मधूनच टर्नटेबल अडवतो. मी तो बाजूला करून ठेवते.

जुना १०१ की १०२, असा प्रश्न बरेच जण विचारतात. १०१ दिसायला देखणा आहे, त्याचा ४ नंबरचा साउंडबॉक्स सुधारायला सोपा आहे, आणि मायक्रोफोनच्या आधीच्या रेकॉर्डींवर तो कमी पडत नाही. पण ताकदीने गाणारा गळा आणि मागे मोठा वाद्यवृंद असलेली १९३०च्या दशकातली रेकॉर्ड दोन्हींवर लागोपाठ लावून बघा. १०१वर वाद्यवृंद गळ्याला चिकटतो, १०२वर तो मागे सरकतो. दोन्ही घेणं परवडत नसेल तर १०२च घ्या, आणि पेटीचं कापड फाटलेलं असलं तरी चालेल, साउंडबॉक्स मूळचा आणि बिनभेगेचा हवा.