पेन्सिलीनं लिहिलेला खुनी : वाचनालयातल्या रहस्यकादंबऱ्यांसोबत नऊ महिने

गेल्या जूनमध्ये पाऊस लागला आणि मी पेठेतल्या वाचनालयात नाव घातलं. कोल्हापूरला वाचनालयांची परंपरा जुनी. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासूनचं. पण मला छत्री घेऊन पाच मिनिटांत जाऊन येता येईल असं हवं होतं. अनामत भरली, कार्ड घेतलं आणि ठरवलं, यंदा फक्त रहस्य आणि थरार. नऊ महिन्यांत चाळीसेक पुस्तकं झाली. त्यातल्या निम्म्यांची नावं आज आठवत नाहीत, हाही माझा शेराच समजा.

तिसऱ्याच पुस्तकात दणका बसला. जेमतेम चाळीस पानं झाली होती आणि समासात बाण काढून पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘हाच खुनी’. खाली दोन रेघा. त्या रात्री पुस्तक उशाशी आपटलं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या पुस्तकात तेच हस्ताक्षर, तोच तिरका ‘ख’. काउंटरवरच्या काकांना दाखवलं तर ते म्हणाले, “वहिनी, ते जुनं दुखणं हाय. खोडरबर देऊ का?”

चिडून ते पुस्तक तसंच वाचत राहिले आणि वाचनालयात रहस्यकथा कशी निवडायची ते कळलं. खुनी आधी फुटला तरी जे पुस्तक हातातून सुटत नाही, तेच घरी आणायचं.

या परीक्षेत पहिली आली अ‍ॅगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’. १९२६ ची कादंबरी, इंग्रजी कपाटात वरच्या फळीवर, पानं पिवळी. ख्रिस्तीचा गुप्तहेर पायरो निवृत्त होऊन खेड्यात भोपळे पिकवत बसलाय आणि शेजारी खून होतो. पेन्सिलवाल्यानं इथंही आपलं काम केलेलं होतं. तरीही पुस्तक संपल्यावर मी लगेच पहिल्या पानावर गेले. बाईनं आपल्याला कुठंच फसवलेलं नाही, सगळं समोर मांडून ठेवलंय, फक्त आपण भलतीकडे बघत होतो. आमच्याकडे म्हणतात ना, खटक्यावर बोट आणि जाग्यावर पलटी. तसं आहे, पण पलटी कळल्यावर मजा वाढते. नव्या वाचकानं मात्र आधी कुणाशीही चर्चा करू नये, अगदी नवऱ्याशीही.

दुसरी फ्रेडरिक फोर्साइथची ‘द डे ऑफ द जॅकल’. इथं पेन्सिलवाल्याचं काहीच चालत नाही, कारण शेवट इतिहासानंच फोडलाय. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायची सुपारी १९६३ मध्ये एका परदेशी मारेकऱ्याला दिली जाते अशी गोष्ट, आणि द गॉल तर १९७० मध्ये घरी वारले हे जगाला ठाऊक. कट फसणार हे आधीच ठाऊक, म्हणून प्रकाशकांनी ती आधी, द गॉल हयात असतानाच, नाकारली होती. फोर्साइथ पॅरिसमध्ये वार्ताहर होता. त्यानं ही कादंबरी ३५ दिवसांत लिहिली आणि ती १९७१ मध्ये आली. मारेकरी स्मशानातल्या दगडावरून लहानपणीच वारलेल्या मुलाचं नाव शोधतो, त्याचा जन्मदाखला काढतो आणि त्यावर पासपोर्ट मिळवतो. ती पानं वाचताना मला आपल्याकडच्या सेतू केंद्रातली रांग आठवली. त्याचं काम बरंच लवकर झालं. मधली तीसेक पानं राजकारणाची आहेत, तिथं जांभई येते. दामटून पुढं जा.

आता भाषांतरांबद्दल थोडं सविस्तर, कारण माझे सगळ्यात जास्त दिवस त्यातच गेले. इंग्रजी लेखक ‘खुनी अंधारात उभा होता की होती’ हे सहज लपवू शकतो. मराठीत क्रियापद लगेच चुगली करतं. ‘आला’ म्हटलं की निम्मे संशयित सुटले! मग बिचारा भाषांतरकार ‘ती व्यक्ती’, ‘ती आकृती’ यांच्या आड लपतो. कपाटामागून दर वेळी ‘आकृती’च बाहेर यायला लागली की समजावं, इथं मुळात काहीतरी दडवलंय. निनावी पत्रांत तर खरी कसोटी. ‘मी पाहिलं’, ‘मी लिहिलं’ यावरून बाई की पुरुष ते कळत नाही, पण ‘मी आलो’ लिहिलं की संपलं. हुशार भाषांतरकार अख्खं पत्र ‘पाहिलं, ऐकलं, ठेवलं’ यांवर निभावतो. एका पुस्तकात असं दीड पानांचं पत्र होतं. मी त्या माणसाला मनातल्या मनात चहा पाजला. (आमच्या भागात जुन्या बायका सर्रास ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात. सासूबाईंनी धमकीचं पत्र लिहिलं तर पोलीस गडी माणूसच शोधत बसतील.) उलट ज्या भाषांतरात पात्रं पानापानाला ‘खांदे उडवतात’, ते दहाव्या पानावर परत.

मुळातल्या मराठी पुस्तकांत हे अडत नाही. बाबूराव अर्नाळकरांचे काळापहाड आणि झुंजार हे नायक मी सासूबाईंसाठी आणले. माणसानं हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या! वाचनालयात पाच-सहा पातळ पुस्तकं एकत्र बांधून जाड खंड केलाय, त्यामुळे आडवं पडून वाचता येत नाही. आज वाचताना रहस्य कच्चं वाटतं, पण वेग असा की सासूबाईंची मालिका तीन रात्री बंद राहिली. सुहास शिरवळकरांचे बॅरिस्टर अमर विश्वास आणि दारा बुलंद मला जास्त आवडले. संवाद चटपटीत, कोर्टातली उलटतपासणी झकास. सलग चार वाचू नका, एकाच हॉटेलात रोज मिसळ खाल्ल्यासारखं होतं. नारायण धारप याच कपाटात ठेवलेत, पण तो माल वेगळा, भयाचा. दिवे गेल्यावर वाचून पाहिलं. परत तसं करणार नाही.

रॉबिन कुकची १९७७ ची ‘कोमा’ वाचा, फक्त घरात कुणाचं ऑपरेशन ठरलेलं नसेल तेव्हा. साध्या शस्त्रक्रियेनंतर धडधाकट रुग्ण शुद्धीवरच येत नाहीत, एवढंच सांगते. लेखक स्वतः डॉक्टर, त्यामुळे भूलीची माहिती नको तितकी खरी वाटते. भाच्यासाठी सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा आणला. अशोक जैनांचं मराठी सुटसुटीत आहे. पोरगं रंकाळ्यावर फिरायला यायचं सोडून गच्चीत वाचत बसलं.

शेवटी फसगत. ख्रिस्तीचीच १९३९ ची ‘अँड देन देअर वेअर नन’. बेटावर दहा माणसं, बडबडगीताप्रमाणे एकेक कमी होतं आणि शोध घेणारा गुप्तहेर कुणी नाही. रात्री साडेबाराला अशा जागी पोचले की पान उलटलं आणि थेट पुठ्ठाच. शिलाई सुटून शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा, गळालेला, १६ पानं गायब. दुसरी प्रत मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. तेव्हापासून घेताना आधी शेवटचं पान आहे का ते बघते, डोळे किलकिले करून, वाक्य दिसणार नाही अशा बेतानं. थरार घेणाऱ्या प्रत्येकानं काउंटरवरच हे करावं.

ती प्रत परत करताना दुसऱ्या कुणाची रात्र वाया जाऊ नये म्हणून मी आतल्या पानावर, पेन्सिलीनंच, लिहिलं, ‘शेवटची १६ पानं नाहीत.’ महिन्याभरानं सहज उघडून पाहिलं. खाली तिरक्या ‘ख’च्या त्याच हस्ताक्षरात होतं, ‘खुनी सांगू का?’