मधमाशीपालनाचा कोर्स आणि मासिक बैठका : दोन हंगाम काढल्यानंतरचं मत

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. मधमाशीपालन शिकायला वेळ आणि पैसा घालणार असाल तर सर्टिफिकेटकडे बघू नका. असा गट शोधा, जिथे दर भेटीला निदान एक पेटी उघडली जाते आणि मागच्या भेटीत बघितलेल्या पेटीचं पुढे काय झालं ते सांगितलं जातं. मी ऑनलाइन वर्ग, निवासी कार्यशाळा आणि मधपाळांची मासिक बैठक हे सगळं जवळपास एकाच वेळी धरलं. फुलोऱ्याचा हंगामही बघून झाला आणि मागोमागचा फुलांच्या टंचाईचा काळही. त्यामुळे नव्याची नवलाई संपल्यानंतरचं हे मत आहे.

ऑनलाइन वर्गाबद्दल तक्रार नाही, पण त्याची मर्यादा लवकर लक्षात येते. माशीचं जीवशास्त्र मात्र तिथे छान समजलं. मेलिफेरा या पाळीव युरोपीय जातीत अंड्यापासून राणी बाहेर पडायला १६ दिवस, कामकरी माशीला २१ आणि नराला २४. हे तीन आकडे पाठ झाले की पेटीतलं बरंच काही नुसत्या हिशेबाने कळतं. अंडं तीन दिवस अंडं असतं. म्हणजे चौकटीत (पेटीतल्या, पोळं बांधलेल्या फ्रेममध्ये) अंडी दिसली तर गेल्या तीन दिवसांत राणी तिथे होती, तिला शोधत बसायची गरज नाही. १८५१ साली अमेरिकन मधपाळ लँगस्ट्रॉथने माशी मोकळी सोडते ती साधारण ६ ते ९ मिलिमीटरची फट हेरली आणि उचलता येणाऱ्या चौकटींची पेटी त्यावर उभी राहिली, हेही तिथेच नीट कळलं. फट कमी झाली तर माश्या ती डिंकाने बुजवतात, जास्त झाली तर मध्येच पोळं बांधतात.

अडचण एवढीच की व्हिडिओतली चौकट कायम आदर्श असते. ऊन बरोबर, अंडी ठळक, राणीच्या पाठीवर रंगाचा ठिपका. (ठिपक्याच्या रंगाचं जगभर एकच चक्र आहे : राणी जन्मली त्या सालाचा शेवटचा आकडा १ किंवा ६ असेल तर पांढरा, २-७ पिवळा, ३-८ लाल, ४-९ हिरवा, ५-० निळा. पाठ करून ठेवा, जुनी वसाहत विकत घेताना राणीचं वय लगेच कळतं.) खऱ्या पेटीत राणीला बहुधा ठिपका नसतो, माश्या चौकटीवर थरांनी बसलेल्या असतात आणि बुरख्याच्या जाळीतून सगळं करडं दिसतं.

कार्यशाळेत स्मोकर, म्हणजे माश्यांना धूर द्यायचं भांडं, पेटवायला आणि पेटता ठेवायला शिकले. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पेटी उघडी असताना स्मोकर विझला की अर्धं काम तिथेच अडतं. धूर थंड आणि पांढरा हवा, हातावर घेऊन बघायचा. माशी डंख मारते तेव्हा एक वास सोडते, बाकीच्या माश्यांना तो इशारा असतो. धुराने तो इशारा दबतो आणि माश्या मध प्यायला वळतात. तो वास पिकलेल्या केळ्यासारखा येतो, हे वाचलेलं होतं. तिथे पेटीशेजारी उभं राहून तो नाकाने ओळखला आणि आता तो आला की हात आपोआप सावकाश होतात. पण गर्दी! एका पेटीभोवती सगळा वर्ग, मागच्यांना पुढच्यांच्या पाठी. नाव नोंदवण्याआधी दोनच प्रश्न विचारा : एका पेटीमागे किती जण, आणि चौकट माझ्या हातात येणार का? दुसऱ्याचं उत्तर गोलमोल आलं तर राहू द्या. टंचाईच्या दिवसांत भरणारी कार्यशाळाही टाळा. त्या काळात पेटी फार वेळ उघडी ठेवली की शेजारच्या पेट्यांतल्या माश्या लुटायला येतात, म्हणून शिकवणारा घाईत झाकण लावतो.

आता बैठक. खरं शिक्षण इथे झालं, आणि नुसतं "अनुभवी लोक भेटतात" म्हणून झालं नाही. अनुभवी लोक चुकीचंही तितक्याच ठामपणे सांगतात. बैठकीचा फायदा तिच्या महिन्याच्या लयीत आहे. राणीचं अंडं, राणी बाहेर येणं, तिचं मीलनाचं उड्डाण आणि तिने घातलेली पहिली अंडी, हा सगळा प्रवास साधारण महिन्याभराचा असतो. त्यामुळे एका बैठकीत घातलेला वाद पुढच्या बैठकीत पेटी स्वतःच मिटवते.

एक उदाहरण देते. एका सदस्याच्या चौकटीवर मधोमध मोजकी दोन-तीन राणीघरं (नवी राणी वाढते ती मोठी घरं) दिसली. निम्मे म्हणाले, थवा निघायच्या, म्हणजे निम्म्या माश्या राणीसह पेटी सोडायच्या तयारीत आहे, राणीघरं मोडून टाका. निम्मे म्हणाले, हात लावू नका. थव्याच्या तयारीत राणीघरं बहुधा पुष्कळ असतात आणि चौकटीच्या खालच्या कडेला लोंबतात. मधोमध दोन-तीनच असतील तर माश्या म्हाताऱ्या राणीची बदली करत असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी ती मोडली तर वसाहत नव्या राणीला मुकते. मालकाने हात लावला नाही. पुढच्या बैठकीत तीच चौकट उचलली तर जुनी राणी आणि नवी राणी एकाच चौकटीवर, वीतभर अंतरावर, शांतपणे फिरताना दिसल्या. मायलेकी अशा काही काळ एकत्र नांदतात, हे वर्गातही सांगितलं होतं. तेव्हा मी ते वहीत उतरवलं होतं, इतकंच.

अंडी बघायलाही बैठकीतल्या एका काकांमुळे जमलं. "सूर्य पाठीशी घे, चौकट थोडी कलती धर आणि घराच्या तळाशी बघ, कडेला नको," एवढंच म्हणाले. पहिल्या दिवसाचं अंडं उभं, तिसऱ्या दिवसाचं आडवं. एकदा नजर बसली की मग दिसतंच राहतं.

आमच्याकडे एक चांगली पद्धत आहे : पेटीवर दोघं-दोघं. एक चौकट हाताळतो आणि दिसेल ते बोलतो, दुसरा विचारतो आणि लिहून घेतो. मधमाश्यांचा अभ्यासक, जिनिव्हाचा फ्रांस्वा युबेर अंध होता. त्याचा नोकर ब्युर्नां डोळे व्हायचा, प्रश्न युबेरचे असायचे. राणीचं मीलन पेटीबाहेर, हवेत होतं हे या जोडीने अठराव्या शतकात दाखवून दिलं. एकट्याने पेटी उघडणारा हवं तेच बघतो, शेजारी लिहिणारा असला की "नराच्या पिलांच्या चौकटी किती?" असं विचारतो आणि पुन्हा मोजावं लागतं.

सगळ्यात कामाचा दिवस व्हरोआ माइटच्या, म्हणजे माश्यांवर जगणाऱ्या बारीक परजीवी किडीच्या मोजणीचा. बरणीत पिलांच्या चौकटीवरच्या साधारण ३०० माश्या घ्यायच्या (अर्धा कप), राणी त्यात नाही याची खात्री करायची, पिठीसाखर टाकायची, मिनिटभर घोळवायच्या, थोडं थांबायचं आणि जाळीच्या झाकणातून साखर पांढऱ्या ताटात झाडायची. ताटात पाणी शिंपडलं की साखर विरघळते आणि लालसर-तपकिरी ठिपके मोजता येतात. आकड्याला तिनाने भागलं की शंभर माश्यांमागचं प्रमाण. माश्या अल्कोहोलमध्ये धुवून मोजायच्या पद्धतीपेक्षा यात काही माइट मोजणीतून निसटतात, पण माश्या जिवंत परत जातात, म्हणून नवशिक्यांचा हात यात मोकळा होतो. सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहिले तर दिसायला सर्वात भरभक्कम पेटीचा आकडा सर्वात वर निघाला. पिलं जास्त म्हणजे माइटला वाढायला जागा जास्त. अशी वसाहत कोसळली की शेजारच्या माश्या तिचा मध लुटायला येतात आणि मधाबरोबर माइट घरी नेतात. म्हणून परिसरातल्या सगळ्यांनी एकाच सुमारास मोजणी आणि उपचार करण्याला अर्थ आहे, आणि ते बैठकीशिवाय जुळत नाही.

आता खटकलेलं. एका गटात जाणं मी बंद केलं, कारण तिथे एकच हाइव्ह टूल (चौकटी सुट्या करायची लोखंडी पट्टी) न धुता या पेटीतून त्या पेटीत फिरायचं, पाहुण्यांचे हातमोजेही तसेच. अमेरिकन फाउलब्रूड या पिलांच्या रोगाचे बीजाणू काही दशकं टिकतात. संशयित पिलाच्या घरात काडी घालून बाहेर ओढली आणि चिकट तार निघाली की समजायचं. शिकायला गेलात आणि रोग घेऊन आलात, असं व्हायला नको. पहिल्याच भेटीत बघा, अवजारं धुवायला बादली ठेवली आहे का. डंखाची गंभीर अॅलर्जी कुणाला आहे, अॅड्रेनलिनचं इंजेक्शन कुणाकडे आहे, हे सुरुवातीला विचारतात का, तेही बघा.

दुसरं म्हणजे "माझ्याकडे असंच करतो" हा सल्ला. कुठल्या जातीवर, फुलोरा असताना की नसताना, हे विचारल्याशिवाय तो उचलू नका. मेलिफेरा पाळणाऱ्याचा सल्ला आपल्याकडच्या सेराना जातीला जसाच्या तसा लागू होत नाही. सेराना व्हरोआला बऱ्यापैकी तोंड देते, पण त्रास वाढला की पेटी सोडून जाते. तिला मेलिफेरासारखं वारंवार उघडून चालत नाही.

विक्रेत्यांच्या भाषणांत अधूनमधून वेळ जातो. चहाला जावं.

मोठ्या परिषदांचं थोडक्यात : १८९७ पासून चालत आलेली अॅपिमोंडियाची (मधपाळ संघटनांच्या जागतिक महासंघाची) आंतरराष्ट्रीय परिषद संशोधक आणि व्यावसायिकांसाठी उत्तम, पण पहिल्या वर्षात तिथे जाऊन हाती फार लागणार नाही. २० मेच्या जागतिक मधमाशी दिनाचे कार्यक्रम मुलांना न्यायला चांगले. व्हिएन्नात १७७० पासून मधमाशीपालन शिकवणाऱ्या अँटन यांशाच्या आठवणीत ही तारीख ठरली, पण त्या दिवशी पेटी क्वचितच उघडते.

कुणी काय घ्यावं? अजून पेटी घेतली नसेल तर पेटीआधी बैठक धरा, निदान एक फुलोरा दुसऱ्यांच्या पेट्यांवर काढा. पेटी घरी आली असेल तर कार्यशाळा सोडली तरी चालेल. सतत प्रवास जमत नसेल तर ऑनलाइन वर्ग घ्या, पण जवळपासचा एक तरी मधपाळ गाठा. ऑनलाइन वर्गाची मुदत संपली तेव्हा मी ती वाढवली नाही. बैठकीची वर्गणी भरली आहे, आणि या खेपेला माइट मोजणीची वही माझ्याकडे आली आहे.